सात किलोंत माझं किती

भाचीनं दिल्लीहून फोन केला आणि आधी बॅगेचं सांगितलं. थंडी किती आहे, विमानतळावर घ्यायला कोण येणार, हे सगळं नंतर. "आत्या, फक्त हातातली बॅग आण. सात किलोच्या वर नको. मोठी बॅग असली की ती आधी त्यांच्या ताब्यात द्यायची, मग उतरल्यावर पट्ट्याशी ताटकळत उभं राहायचं. तीन दिवसांसाठी कशाला ते?"

तिकीट तिनंच काढलं होतं. विमानं स्वस्त झाली ती ही वर्षं. जाण्याचं आणि येण्याचं तिकीट एकाच कागदावर होतं, शुक्रवारी जायचं आणि सोमवारी परत यायचं. कॉलेजातल्या कॉम्प्युटरवरून तो कागद छापून घेतला तेव्हा माझी नजर आधी परतीच्या ओळीवर गेली.

मी जुन्नरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते आणि त्या मे अखेरीस निवृत्त होणार होते. एका किराणा दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. त्या खोल्यांत आयुष्य गेलं तरी मी त्यांना कधी घर म्हटलं नव्हतं. खोलीवर जाते, असंच म्हणायचे. निवृत्तीनंतर कुठं राहायचं, याचं उत्तर मला दिल्लीच्या त्या तीन दिवसांत हवं होतं. स्पष्टच सांगते. भाचीनं "आता माझ्याकडेच ये" असं म्हणावं, अशी माझी इच्छा होती. मी विचारणार नव्हते, सुचवणारही नव्हते. पण तिनं म्हणावं.

या इच्छेला आधार होता, फार भक्कम नव्हता. आमचं मूळ घर तळेघरच्या वरच्या अंगाला. धाकटा भाऊ आणि भावजय तिथं भात-नाचणी करतात. तिथली शाळा तेव्हा सातवीला संपायची, म्हणून त्यांची ही मुलगी आठवीला माझ्याकडे जुन्नरला आली, पत्र्याची पेटी घेऊन. बारावीपर्यंत राहिली. मला स्वयंपाक बेताचाच येतो. तिनं तक्रार न करता खाल्लं. एकदा तापात बडबडताना म्हणाली होती, "मी मोठी झाले ना आत्या, की तू माझ्याकडं राहायचं." ताप उतरल्यावर ती ते विसरली. मी विसरले नाही. ग्रंथपालाचा धंदाच तो. एकदा पुस्तक दिलेलं असलं की ते परत येण्याची वाट पाहायची.

त्यामुळे लहान बॅग मला सोयीचीच वाटली. मोठी बॅग घेऊन दारात उभी राहिलेली बिनलग्नाची आत्या म्हणजे न बोलता केलेला अर्ज. मला अर्ज करायचा नव्हता. खांद्याला लावता येईल अशी एक निळी बॅग मी बाजारातून आणली आणि पलंगावर ठेवून तिच्याकडे बघत बसले. आत काय जाईल याची जुळणीही मनात झाली होती. दोन साड्या, जाड स्वेटर, कानटोपी, पायमोजे, रात्री पांघरायला माझी जुनी लोकरीची शाल, रक्तदाबाच्या गोळ्या आणि एक जाडजूड कादंबरी. या सगळ्याचं वजन साडेतीन किलोंच्या आसपास भरलं असतं. इथपर्यंत सगळं माझ्या हातात होतं.

पण आमच्या भागात परगावी जाणारं माणूस एकटं जात नाही. एसटीत ते एकटं बसतं, पण त्याच्या पिशवीतून अर्धी आळी जाते. कुणी पुण्याला निघालं असं कळलं की त्या माणसाच्या हातून कुणाच्या लेकीला मेतकूट, कुणाच्या भावाला लोणचं, कुणाच्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू जातात. देणारा म्हणतो, "काही नाही, एवढंसंच आहे." नाही म्हणायची सोय नसते. नाही म्हणणं म्हणजे त्या लेकीशी, भावाशी आणि बाळंतिणीशी एकदम भांडण. त्यातून माझं तर ठरूनच गेलेलं. हिला नवरा नाही, मूल नाही, म्हणजे हिचे दोन्ही हात मोकळे, असा सगळ्यांचा हिशेब होता.

नव्वदच्या दशकात पुस्तकांच्या खरेदीला मी दर काही महिन्यांनी पुण्याला जायचे. एकदा निघताना घरमालकिणीनं, डिंगोऱ्याला तिचं माहेर आहे, तिथून आलेल्या शेंगांचं एक पोतडं हाती दिलं. तिच्या नणंदेसाठी. नणंद चौथ्या मजल्यावर राहायची आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. मी वर पोचले, दम खाल्ला, पाणी मागितलं. नणंदेनं पाणी दिलं, पोतड्यात हात घालून दोन शेंगा दाबून पाहिल्या आणि म्हणाली, "यंदा बारीक आहेत." जणू मी पेरल्या होत्या.

तरी विमानात हे चालणार नाही, अशी माझी समजूत होती. सात किलो हा नियम होता, आणि नियमापुढे आपली माणसं नमतात असं मला अजूनही वाटायचं.

पहिले आले ते आमच्या संस्थेचे एक संचालक. ते एकदा शिष्टमंडळातून दिल्लीला जाऊन आले होते. त्या शिष्टमंडळात ते कितव्या रांगेत होते कुणाला ठाऊक नाही, पण त्यांच्या सांगण्यात ते दरवर्षी एकेक खुर्ची पुढं सरकत होते. त्यांना माझ्या प्रवासाचं कौतुक वाटलं. "मॅडम, तुम्ही विमानानं जाताय म्हणजे संस्थेचं नाव वर गेलं." किती वर गेलं ते उतरल्यावर कळवते, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण निवृत्तीच्या तोंडावर माणसानं विनोद जपून वापरावेत. कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लावायचा त्यांचा विचार होता. "परत येईन याची खात्री झाली की लावा," म्हणून तो मी टाळला. सत्कार मात्र टळला नाही. स्टाफरूममध्ये शाल, श्रीफळ, फोटो. शाल अशी होती की तिच्यातून पलीकडचं घड्याळ दिसत होतं. सत्काराच्या शाली उबेसाठी नसतात, फोटोपुरत्या असतात. फोटो निघाला की त्यांचं काम संपतं.

सत्कारानंतर संचालकांनी कागदात गुंडाळलेली वस्तू पुढं केली. रौप्यमहोत्सवातलं उरलेलं स्मृतिचिन्ह. लाकडी बैठकीवर शिवनेरी किल्ला, खाली पितळी पट्टी. आमच्याकडे शिवनेरी मान वर केली की दिसतो, तरी प्रत्येक समारंभात तो हातात दिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. हे स्मृतिचिन्ह तालुक्याशी कधीकाळी संबंध आलेल्या आणि आता दिल्लीत असलेल्या एका साहेबांना पोचवायचं होतं.

"तुम्ही चाललाच आहात तर," संचालक म्हणाले. "आणि देतानाचा एक फोटो."

"सर, बॅग सात किलोचीच आहे."

"किल्ला पोकळ आहे मॅडम."

किल्ला पोकळ होता. बैठक नव्हती.

मग घरमालकीण तिळाचे लाडू घेऊन वर आली. संक्रांत नुकतीच झाली होती आणि तिचा भाचा फौजेत होता, दिल्लीच्या छावणीत. "तो येऊन घेऊन जाईल, तुम्ही नुसता फोन करा. पोरगं तिकडं काय खातंय कुणाला माहीत." तिच्या आवाजात असं काही होतं की मी डबा ठेवून घेतला.

निघायच्या आदल्या दिवशी भावजय आली. तळेघरहून घोडेगाव, घोडेगावहून जुन्नर, अशा दोन एसट्या बदलून, डोक्यावर गाठोडं घेऊन. पायऱ्या चढून वर आली, गाठोडं माझ्या पलंगावर ठेवलं आणि सोडायला लागली.

"वन्सं, ह्यो तांदूळ. लई न्हाई, चार येळचा भात व्हईल येवढाच. हे नाचनीचं पीठ. हे लाडू डिंकाचं. अन् ह्या खोबऱ्याच्या वाट्या."

"खोबरं कशाला? ते काय आपल्या शेतात पिकतं?"

"दिल्लीत खोबरं मिळत न्हाई म्हनं."

"कोण म्हणालं?"

"म्हनलं कुनीतरी."

"अगं, सात किलोचीच बॅग आहे. त्याच्या वर ते घेत नाहीत."

"मग मी कुठं सात किलो आनलंय?"

आम्ही सगळं भरून बॅग खाली दुकानात नेली. मालकांनी साखरेचं पोतं बाजूला सारलं आणि बॅग काट्यावर ठेवली. काटा नऊच्या पुढं गेला. दुकानात गिऱ्हाइकं होती, तीही थांबली. मग तिथंच, फरसाणाच्या बरण्यांसमोर, बॅग उघडली गेली आणि काय काढायचं यावर चर्चा सुरू झाली.

घरमालकीण डोकावून म्हणाली, "बाई, तुमचं जरा कमी करा की."

तिनं ते अगदी सहज म्हटलं. सगळ्यांना ते पटलंही. लाडू काढणं म्हणजे फौजेतल्या पोराच्या तोंडचं काढणं, तांदूळ काढणं म्हणजे लेकीच्या, आणि किल्ला काढणं म्हणजे संस्थेचा अवमान. उरले माझे कपडे. कादंबरी निघाली. लोकरीची शाल निघाली. जाड स्वेटरवर मी हात ठेवला तेव्हा भावजय म्हणाली, "पोरीकडं काय कापडं न्हाईत व्हय? तिचं घाला की." स्वेटर निघाला. त्याच्या जागी ती सत्काराची शाल गेली, कारण तिला वजनच नव्हतं. काटा सातच्या खाली आला तेव्हा दुकानात समाधान पसरलं. मालकांनी सगळ्यांना चहा सांगितला.

मी चेन ओढली. सात किलोंत माझं म्हणावं असं किलोभरही नव्हतं. मला राग यायला हवा होता. आला नाही, हे मला त्या वेळीच जाणवलं. एवढी माणसं आपल्याला सामान देतात म्हणजे आपण त्यांच्या कुणीतरी आहोत, अशी माझी एक गुप्त समजूत होती. मी तिच्यावर बरीच वर्षं काढली होती.

पुण्याच्या विमानतळावर काउंटरमागं एक मुलगी होती. माझ्या विद्यार्थिनींच्याच वयाची, ओठ रंगवलेली, नम्र. तिनं तिकीट पाहिलं आणि पाठ केलेला प्रश्न आधी इंग्रजीत विचारला. मग माझ्याकडे पाहून मराठीत विचारला.

"बॅग तुम्हीच भरलीये ना? कोणी काही न्यायला दिलंय का?"

बाकीचे प्रवासी या प्रश्नाला मान न वळवता नाही म्हणत होते. मी आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलेलं. मी म्हटलं, "सगळं दिलेलंच आहे."

तिची बोटं थांबली. "सगळं म्हणजे?"

"तांदूळ भावजयीनं दिलाय. पीठही तिचंच. तिळाचे लाडू मालकिणीनं. किल्ला संस्थेचा आहे."

"किल्ला?"

"पोकळ आहे."

तिनं कुणाला तरी बोलावलं. एक गणवेशातला माणूस आला, मला बाजूच्या टेबलाशी घेऊन गेला आणि बॅग उघडायला लावली. मी एकेक वस्तू काढून टेबलावर मांडत गेले. त्यानं पिठाच्या पिशवीचा वास घेतला. शिवनेरी उलटा करून आत बोट घातलं. डिंकाचा लाडू प्रकाशात धरून पाहिला. "इसमें आपका क्या है?" त्यानं विचारलं. त्यात संशय नव्हता, नुसतं कुतूहल होतं. मी साड्या दाखवल्या, गोळ्या दाखवल्या. त्यानं मान हलवली आणि फक्त खोबऱ्याच्या वाट्या काढून घेतल्या. सुकं खोबरं पेट घेतं म्हणे, ते विमानात चालत नाही. भावजयीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग दिल्लीत मिळत न्हाई म्हनत व्हते ते खरंच हाय की.

काउंटरवरची मुलगी मात्र मला जागेचा कागद देताना हळूच म्हणाली, "काकू, पुढच्या वेळी नाही म्हणून सांगा. सगळे तेच सांगतात."

दिल्लीत धुकं होतं. भाची विमानतळावर आली होती, नवऱ्याची टोपी घालून. तिनं मला मिठी मारली आणि लगेच मागं सरून पाहिलं. "आत्या, स्वेटर कुठंय तुझा? ही काय शाल?" गाडीत तिनं स्वतःचं जाकीट काढून मला दिलं. ते मला आखूड होतं. पण त्यात तिची ऊब होती आणि मी घरी पोचेपर्यंत ते घट्ट धरून बसले.

घरी गेल्या गेल्या तिनं बॅग जमिनीवर उघडली. तांदळाच्या पिशवीत तोंड खुपसून वास घेतला. पीठ चिमटीत धरलं. डिंकाचा लाडू तिथंच खाल्ला, अर्धा जावयाला भरवला. जावई दिल्लीचाच, सज्जन मुलगा. मला मावशी म्हणावं, आत्या म्हणावं की आंटी, यातून त्यानं शेवटपर्यंत वाट काढली नाही, तो नुसता हसायचा. भाचीनं लगेच आईला फोन लावला. "आई, पोचलं सगळं!" त्या सगळ्यात मीही होते.

मला दिलेली खोली उजेडाची होती. पलंग नवा. भिंतीत नवं कपाट होतं आणि त्याचे कप्पे नेहमीपेक्षा खाली होते, कमरेच्या वर न जाणारे. हॅंगर टांगायची दांडीसुद्धा छातीच्या उंचीवर. मी निरखून पाहत होते, तेव्हा भाची म्हणाली, "सासूबाईंसाठी करून घेतलंय. त्यांचा हात वर जात नाही ना, खांदा धरलाय. मार्चपासून त्या येणार इथं." मग कपाटाचं दार लावत म्हणाली, "कायमच्याच."

"चांगलं केलंस," मी म्हटलं. आणि ते खरंच चांगलं होतं. मी साड्या त्या कपाटात ठेवल्या नाहीत. बॅगेतच राहू दिल्या.

दुसऱ्या दिवशी भाचीला ऑफिसात जावंच लागलं, जावईही गेला. दिवसभर मी हीटरसमोर आखूड जाकिटात बसून होते. कादंबरी जुन्नरला काट्याशेजारी राहिली होती. घरात वाचण्यासारखं काही सापडेना, तेव्हा हीटरच्या खोक्यावरची माहिती वाचली, सगळ्या भाषांत. फौजेतला भाचा दुपारी येऊन डबा घेऊन गेला. दारातच एक लाडू तोंडात टाकला आणि डोळे मिटून उभा राहिला. तेवढीच काय ती दिवसातली भेट. संचालकांच्या साहेबांच्या नंबरवर फोन केला, तर ते दिल्लीत नव्हतेच. त्यांची बदली होऊन वर्ष होऊन गेलं होतं. शिवनेरी भाचीच्या घरी चपलांच्या कपाटावर स्थिरावला.

रविवारी दोघांनी मला दिल्ली दाखवली. दिल्ली धुक्यात होती. राष्ट्रपती भवनाकडे बोट करून जावई काहीतरी सांगत होता, मला त्यातलं फाटकाचं लोखंड तेवढं दिसत होतं. एवढं मोठं ऐश्वर्य एवढ्या साध्या पांढऱ्या पडद्यानं झाकून जातं, हे बघून मला जरा बरं वाटलं. भाचीनं माझा हात स्वतःच्या खिशात घातला होता. ती आठवीत असताना थंडीत शाळेत जाताना मी तिचा माझ्या स्वेटरच्या खिशात घालायची तसा. मी मनात म्हटलं, आता विचारेल.

तिनं संध्याकाळी विचारलं. जावई भाजी आणायला गेला होता. मी आणलेला तांदूळ शिजत होता आणि घरभर त्याचा वास होता.

"आत्या, एक बोलू? रागावणार नाहीस ना?"

"बोल की."

"तू मेमध्ये रिटायर होतेस. पुढचं काय ठरवलंयस?"

हे उत्तर मी घोटून ठेवलं होतं. आधी उदासीन दिसायचं, मग दोनदा नाही म्हणायचं, मग तिच्या आग्रहाखातर. "अजून काही नाही," मी म्हटलं. आवाज हवा तसा निघाला.

"मग तू आईबाबांकडं राहायला जाशील का?" ती एका दमात बोलत सुटली. "बाबांचे गुडघे गेलेत. आई फोनवर काही सांगत नाही, पण पाणी तीच भरते, गुरांचंही तीच बघते. मला इथून जाता येत नाही आणि इथं आता सासूबाई. रात्री झोप लागत नाही गं मला. तू तिथं असलीस की मला काळजीच नाही. आणि तुलाही सोबत होईल."

मी भाताच्या कुकरकडे बघत होते. तिच्या बोलण्यात काही खोट नव्हती. तिला एक काळजी होती आणि तिच्या ओळखीत एक मोकळं माणूस होतं. तिनं दोन्ही जुळवलं. माझे दोन्ही हात मोकळे असल्याचा तो हिशेब मी इतकी वर्षं चालू दिला होता. तिनं तो नव्यानं केला नव्हता, वाचला होता फक्त.

"विचार करते," मी म्हटलं.

"तू आहेस म्हणून बरं आहे, आत्या," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. ती खूप दमलेली होती. तापातलं ते जुनं वाक्य तिला आठवून द्यावं, असं मला एकदाही वाटलं नाही. आपण होऊन न आलेलं पुस्तक मागायला दारात जाऊन उभं राहिलं की ते मिळतं, पण मग ते वाचायची इच्छा राहत नाही.

सोमवारी सकाळी तिनं माझी बॅग भरून दिली. वडलांसाठी गुडघ्याचे पट्टे, आईसाठी रजई गच्च घडी करून, दोघांची औषधं, बदामाची पिशवी. माझ्या साड्या तिनं वरच्या कडेला कोंबल्या. निघताना जाकीटही माझ्या अंगावर चढवलं, "असू दे तुला," म्हणून. विमानतळावर आत जाताना मी मागं वळून पाहिलं. धुक्यात टोपी दिसली, चेहरा दिसला नाही.

पुढच्या रविवारी सामान पोचवायला तळेघरला गेले. घोडेगावहून भीमाशंकरची एसटी धरली. शिनोलीच्या पुढं गाडी रिकामी होत जाते आणि थंडी वाढत जाते. भाऊ अंगणात उन्हात बसला होता, पाय पसरून. "आक्का, इमानात जेवायला देत्यात का?" त्याचा पहिला प्रश्न. "विकत देतात," म्हटल्यावर त्याचा विमानावरचा विश्वास उडाला. भावजयीनं रजई उघडून पाहिली, दाबली, पुन्हा घडी घातली. खोबऱ्याचं काय झालं ते मी सांगितलं नाही.

चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "पोरगी काय म्हनली? हिकडं ऱ्हायला या म्हनली नव्हं?"

"तुला कसं कळलं?"

"मलाच तिनं आदी इचारलं. मी म्हनलं, इचार बाई, तुजी आत्या हाय." तिनं चुलीत काटकी सारली. "पर मी काय म्हनते वन्सं, खोली हाय, कवा बी या. पर आमचं करायला म्हनून येऊ नका. आमचं आमी करतो. अन् तुमाला हितं करमायचं बी न्हाई. वाचायला एक पंचांग हाय, ते बी गेल्या सालचं."

"मंग येताना यंदाचं आन की आक्का," भाऊ बाहेरून ओरडला.

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी, आवाज करून.

"पर खरं सांगा," भावजय म्हणाली. तिनं चहाचा कप माझ्यापुढं सरकवला आणि समोर बसली. "तुमाला कुठं ऱ्हावं वाटतंय?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. खरं उत्तर दिल्लीत होतं आणि तिथल्या कपाटाचे कप्पे दुसऱ्या बाईच्या खांद्याला बेतून केलेले होते. मी चहा प्याले. तिनं पुन्हा विचारलं नाही. तिला माणसं कळतात. मला पुस्तकं कळतात, असं लोक म्हणतात.

जेवून निघाले. भाऊ रस्त्यापर्यंत येतो म्हणाला, मी येऊ दिलं नाही. फाट्यावर झाडाखाली दोन बायका एसटीची वाट बघत होत्या, खालच्या वाडीतल्या असाव्यात. कापलेल्या भातखाचरांत धसकटं वाळलेली होती आणि वारा अंगाला लागत होता. रिकामी बॅग मांडीवर ठेवून मी त्यांच्या शेजारी बसले.

"कुठं निघाला, बाई?" एकीनं विचारलं.

"घरी."

"मंजी कुठं?"

एरवी मी खोलीवर म्हटलं असतं, आज घरी म्हणून गेले होते. "जुन्नरला," मी म्हटलं. म्हणून झाल्यावर लक्षात आलं की मेनंतर कुठं राहायचं तेही ठरून गेलं आहे.

"जुन्नर मंजी अंधार पडंल तुमाला," ती म्हणाली. "घरची वाट बघत असतील."

मी हो म्हटलं. वरून, भीमाशंकरच्या बाजूनं गाडीचा आवाज आला, तशा आम्ही तिघी उठून उभ्या राहिलो.